सरकारी गवत

२ मार्च १९४१
तहसिलीतून हुकूम आला. डोंगरावर वणवे लागत आहेत — गावाभोवती वीस हात पट्ट्यातलं वाळलं गवत कापा, गवताची छपरं उतरवा. गावचा मास्तर म्हणून पारावर मीच वाचून दाखवला. गोजरबाई साठीची, एकटी. डोंगराकडून तिचं घर पहिलं. म्हणाली, "वणव्यानं छप्पर नेऊ नये म्हनून आमीच काढून टाकायचं? मंग वणव्याची काय तकलीफ ऱ्हायली, मास्तर?"
मी हुकूम पुन्हा वाचला. उत्तर त्यात नव्हतं.

५ मार्च
तीन दिवस अख्खं गाव विळे घेऊन राबलं. पट्टा निघाला. आता कापलेल्या गवताचं काय? मी म्हटलं, बैलांना घाला. उकंडराव पाटील दचकले. "डोंगर सरकारचा, तर गवत बी सरकारचं. बैलानं खाल्लं तर जबाब कोन देनार?"

६ मार्च
सरकारी गवत सरकारी इमारतीत. गावात अशी इमारत एकच — शाळा. वर पत्रे, म्हणून पाटलांच्या मते भय नाही. आढ्यापर्यंत भरली. फळा, नकाशा, हजेरीपट आतच राहिले. मुलं लिंबाखाली.

९ मार्च
गोजरबाईनं तेवढं छप्पर उतरवलं नाही. शिडीवर चढून त्यावर चिखल लिंपते आहे, एकटीच.
पाटील खालून, "हुकमात उतरवा लिवलंय, लिंपा न्हाई. काहून ऐकत न्हाईस?"
ती वरून, "खाली आले की ऐकते."

१३ मार्च
होळी. पाटलांनी भोवती सात घागरी भरून ठेवल्या आणि नैवेद्य दाखवायच्या आतच विझवली.

१८ मार्च
दुपारी डोंगर पेटला. आधी धूर, मग वारा फिरला, मग आवाज — आगीला एवढा आवाज असतो हे माहीत नव्हतं. मुलांना विहिरीकडे पळवलं. पट्ट्यापाशी आग अडली, पुढे जाळायला काही नव्हतं. पण ठिणग्या उडत आल्या. गोजरबाईच्या छपरावर पडल्या, चिखलात विझल्या. शाळेच्या खिडकीतून आत गेल्या, त्या नाही विझल्या.
गावातलं एकही घर गेलं नाही. शाळा तासाभरात गेली. पत्रे वाकून खाली आले. पाटील रिकामी घागर धरून उभे. "सरकारी गवत," एवढंच म्हणाले. मला हसू आलं — आणि मग हजेरीपट आठवला, नकाशा आठवला, हसू राहिलं नाही.

२० मार्च
पंचनाम्याला कारकून आला. "घास कितनी थी?" शाळेचं विचारलंच नाही.
तो गेल्यावर गोजरबाई आली. "पोरं उन्हात काहून बसवता? माझी वसरी रिकामीच हाय."

२२ मार्च
ओसरीत शाळा भरली. कोऱ्या कागदावर नवा पट आखला. एकोणीस नावं झाली. मागे भिंतीला टेकून गोजरबाई, मांडीवर शेजारच्या पोरीची पाटी.
"माझं बी लिवा, मास्तर."
नवऱ्याचं नाव विचारलं.
"त्येंचं कशाला? शिकणार मी हाय. नुसतं गोजर लिवा."
लिहिलं.