हळद्याची वेगळी टाकी

२६ ऑक्टोबर, रविवार

मासा आला! पिशवीत पाणी, पाण्यात मासा, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात आणि खोका हेमालीच्या डोक्यावर. पोरगी अशी आली जशी लग्नाचं रुखवत घेऊन.

पिवळाजर्द. बशीएवढा चपटा. शेपटीपाशी बारीक काटा. आमच्या थळच्या जाळ्यात असला कधी आला न्हाय.

हेमाली म्हणजे माझी नात, सदाची मुलगी. पनवेलला काचेच्या टाक्यांचं दुकान काढलंय. हा मासा किहीमच्या पियूष शेठच्या बंगल्यात जायचा. त्यांची टाकी भिंतीएवढी आहे म्हणे. गेल्या वर्षी कुणीतरी नवा मासा आणला तो सरळ तिच्यात सोडला. त्याच्या अंगावर रोग होता. आठवड्यात सगळे मासे उलटे! म्हणून आता नवा मासा आधी वेगळा ठेवायचा, औषध द्यायचं, नीट बघायचं, मगच बाकीच्यांत सोडायचा. किहीम इथून जवळ, म्हणून टाकी माझ्या पडवीत.

मी म्हटलं, कळलं. बाळंतिणीची खोली.

नियम सांगितले. टाकीत हात घालायच्या आधी हात धुवायचे. मला हसू आलं – जन्मभर अलिबागच्या बाजारात मासे विकले, हात नंतर धुवायचे एवढंच माहीत! आणि समुद्रातलं काही टाकायचं न्हाय. पाणी न्हाय, दगड न्हाय, शेवाळ न्हाय. समुद्र दारात, आणि आम्ही पाकिटातलं मीठ बादलीत कालवत बसलो.

ती जाताना मी विचारलं, तुझा बाबा कसा आहे. "बरा आहे." बस, तेवढंच.

हेमालीने वही दिली आहे – मासा खाल्ला का, ठिपके आले का, रोज लिहायचं. पुढची पानं ती बघते. मागची माझी. चौथी शिकले त्याचा आत्ता उपयोग.

२८ ऑक्टोबर

नाव ठेवलं – हळद्या. वाळलेलं शेवाळ खातो, तेही पाकिटातलं, कागदासारखं.

शेजारची तुळशी बघायला आली. टाकीला नाक लावून म्हणाली, "कमळे, किलोला काय भाव?" म्हटलं, हा खायचा न्हाय. "मग कशाला गं ठेवलास?" काय सांगू! बघायला. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं माझंच डोकं तपासायला पाहिजे.

२ नोव्हेंबर, रविवार

हेमाली आली. छोट्या नळीत पाणी घेऊन रंग बघितला. तांब्याचं औषध बरोबर आहे म्हणे. मला वाटलं होतं तांब्याच्या कळशीतलं पाणी. तसं न्हाय, बाटलीत येतं.

रावस तळला. ती जेवली. सदाचा डबा भरून दिला. गेल्या खेपेचा डबा परत आला – धुतलेला, पुसलेला. आत काही न्हाय. निरोपसुद्धा न्हाय.

सदा दोन वर्षं झाली आला न्हाय. त्याचा बाप गेल्यावर मला पनवेलला घेऊन गेला. चांगलं ठेवलं, खोटं कशाला बोलू. पलंग, पंखा, टीव्ही. पण सातव्या मजल्यावर वारा पण अनोळखी वाटतो. तीन महिने राहिले आणि तो टेम्पो घेऊन सुरतेला गेला होता तेव्हा एसटी धरून घरी आले. त्याला लागलं. फोनवर म्हणाला, आये, लोक विचारतात काय केलंस आईला. आता मी थळला पाय ठेवणार न्हाय.

ठेवला न्हाय. दोन गणपती गेले.

९ नोव्हेंबर, रविवार

हळद्याला धुतलेल्या दुसऱ्या टाकीत हलवला. औषध संपलं. आता नुसतं बघायचं. महिनाभर काही निघालं न्हाय तर किहीमला.

बाकी टाकी उघडीबोडकी. वाळू न्हाय, दगड न्हाय. प्लास्टिकच्या पाइपचा एक तुकडा तेवढा. हळद्या त्यात शिरतो, तोंड बाहेर काढतो, बघतो – कोणी आलं का?

१४ नोव्हेंबर

आज माझ्या बोटाकडे आला! आपणहून!

२१ नोव्हेंबर

अमावास्येची ओहोटी, पाणी लांब गेलं होतं. पहाटे तुळशीबरोबर खडपात कालवं काढायला गेले. एका दगडाच्या खळग्यात पोर राहिलं होतं माशाचं. अंगठ्याएवढं, काळे पट्टे. नाव काय ते माहीत न्हाय, खायच्या कामाचं नसलं की आमच्यात नाव कोण ठेवतंय!

एकटंच गोल गोल फिरत होतं. मला आमचा तो पाइपमधला आठवला.

डब्यात घेतलं. हात धुतले, साबणाने. टाकीत सोडलं. पाणी, दगड, शेवाळ न्हाय म्हणाली होती. मासा काय म्हणाली न्हाय.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी पण बघत राहिले. चहा गार झाला.

२३ नोव्हेंबर, रविवार

हेमाली दारातून आली ती टाकीपुढे थांबली. चप्पल पण काढली न्हाय.

"आजी, हा कोण?"

सांगितलं. ती खालीच बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू हळू समजावलं – मोकळ्या समुद्रातला मासा रोगाला पुरून उरतो, कारण पाणी भरपूर. काचेत त्याच्या अंगावरचा एक जंतू शंभर होतो. हळद्याला आपण धुऊन पुसून ठेवला, आणि मग दार उघडलं.

म्हटलं, तो एकटा होता गं.

तिने पोर बादलीत काढलं. किहीमच्या शेठला फोन लावला आणि खरं ते सांगितलं, फक्त माझं नाव घेतलं न्हाय. "माझ्याकडून चूक झाली" म्हणाली. शेठ काय म्हणाले ते ऐकू आलं न्हाय. पण तिचा कान लाल झाला.

पहिलंच मोठं गिऱ्हाईक तिचं.

२६ नोव्हेंबर

अंगावर ठिपके. मीठ शिंपडल्यासारखे. अंग पाइपला घासतोय.

फोन केला. फोनवर मला रडू आलं. ती म्हणाली, रडू नको, डोळा बघ त्याचा, नीट आहे का? नीट आहे म्हटलं. ती रविवारची वाट न बघता संध्याकाळीच आली, औषध घेऊन. रात्री राहिली न्हाय. नाक्यावर कुणी थांबलंय म्हणाली. मैत्रीण असेल.

३० नोव्हेंबर, रविवार

शेवाळाला तोंड लावत न्हाय. सगळं पहिल्यापासून. आधी औषध, मग बघायचं. जानेवारीपर्यंत.

शेठला नाताळात पाहुण्यांना मासा दाखवायचा होता. म्हणाले, ठिपके गेले की आणून टाक. हेमाली म्हणाली, न्हाय शेठ. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं न्हाय, तुमचे बाकीचे मरतील. शेठ म्हणाले मग दुसऱ्याकडून घेईन. ही म्हणाली, घ्या. पण त्याला पण आधी वेगळा ठेवा.

माझी नात!

आता जे कुणाला सांगणार न्हाय ते लिहिते. मासा आजारी, पोरीचं काम अडकलं, आणि माझ्या मनात आलं काय – आणखी पाच रविवार! तिचे पाय माझ्या घराला. तिच्या अंगाला सदाच्या घराचा वास येतो, साबणाचा, त्यांच्या फोडणीचा. मला तेवढा पण पुरतो.

मग हळद्याकडे बघवेना.

५ डिसेंबर

खाल्लं! एक तुकडा. थुंकला. परत खाल्लं!!

१४ डिसेंबर, रविवार

ठिपके गेलेत. हेमाली तरी रोज फोटो मागते.

आज जेवताना मान खाली घालून म्हणाली, बाबा विचारत होता.

माझा घास हातात.

काय विचारत होता?

"मासा खातो का, म्हणून."

मी म्हटलं, सांग त्याला, खातो. आधी खात नव्हता, आता खातो. आजी पण खाते म्हणावं. गुडघा दुखतो पण खडपापर्यंत जाते. घरातला दिवा गेला होता तो तुळशीच्या जावयाने लावून दिला. वरची दोन कौलं सरकली आहेत ती तेवढी राहिलीत. हेमाली म्हणाली, आजी, एवढं सगळं मासा कसा सांगेल! दोघी हसलो. मग मी भांडी घासायला उठले, पाणी जोरात सोडलं.

२० डिसेंबर

अमावास्या लागली. ओहोटीला खडपात गेले. खळग्यात बारकी पोरं होती, पुष्कळ. कालवं आणली. नुसती कालवं.

२८ डिसेंबर, रविवार

पुढच्या रविवारी जायचा. शेठनी दुसऱ्याकडून घेतला न्हाय. कुरकुर करत थांबले.

हळद्या काय दिसतो! मी उठले की काचेशी येतो, मी चुलीकडे गेले की त्या बाजूला जातो. तुळशी म्हणते, इथनं गेल्यावर रडेल गं तो. म्हटलं, त्याला तिथं गोतावळा आहे, कशाला रडेल.

हेमालीला विचारलं न्हाय की टाकी नेणार का ठेवणार. विचारलं तर उत्तर येईल.

३ जानेवारी

सदाच्या डब्यात जवळ्याच्या वड्या भरल्या. लहानपणी ताटातून चोरायचा. वही बंद करते. हळद्या जागा आहे.

४ जानेवारी, रविवार

त्याला सोडायला नाक्यापर्यंत गेले. हेमाली नको नको म्हणत होती – ऊन आहे आजी, गुडघा आहे. ऐकलं न्हाय. नाक्यावर झाडाखाली टेम्पो उभा. आत सदा. दर खेपेला तोच तिला सोडायचा म्हणे, आणि ती येईपर्यंत तिथंच बसून राहायचा. केस पिकलेत पोराचे. स्टिअरिंगकडे बघत होता. मग वाकला आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

"चढ आये. खोका मांडीवर धर."