न झालेले बास्केट

१४ एप्रिल, मंगळवार
नक्की झालं. पुष्करच्या डाव्या गुडघ्यातली कूर्चा, हाडांमधली गादी, जवळजवळ संपली आहे. त्यांच्या बास्केटबॉल क्लबच्या फिजिओने, फिओनाने, स्कॅन दाखवून सांगितलं. मी शेजारच्या खुर्चीवर होते. इंजेक्शनं घेऊन हा मोसम निघेल, पण त्यानंतर गुडघा दुरुस्त करण्याजोगा राहील असं नाही. ऑपरेशन आत्ताच केलं तर कदाचित पुन्हा खेळेलही, कदाचित. पेपरच्या डेस्कवर असते तर एक ‘कदाचित’ कापला असता.

परत येताना टॅक्सीत पु. पुढे, सीट पार मागे सरकवलेली. मी त्याच्या मागे, गुडघे हनुवटीला.
“आई, कोचला इतक्यात सांगायचं नाही.”
“फिओना सांगेल की.”
“मला विचारल्याशिवाय नाही सांगत ती. रूल आहे.”
मग कोण सांगणार?

१६ एप्रिल, गुरुवार
पोहे खाताना त्यानेच मांडून दाखवलं. करार मेअखेर संपतो. व्हिसा क्लबच्या जोरावर. कोचचं म्हणणं, प्लेऑफ, म्हणजे शेवटचे बाद सामने, खेळ, मग पुढच्या वर्षाचं बोलू. खेळला नाही तर बोलणं नाही, करार नाही, व्हिसा नाही. बास्केटखाली उभा राहणारा एकतीस वर्षांचा लंगडा सेंटर दुसरा कुठला क्लब घेणार?
“खेळलो तर गुडघा जातो, नाही खेळलो तर देश जातो. लिंबू आहे का अजून?”
दिलं.

माझं परतीचं तिकीट पुढे ढकललं. तसंही बॅग भरता येणार नव्हती. पलंग त्याला आखूड, पाय बाहेर लोंबतात. आले त्या दिवसापासून माझी बॅग पलंगाच्या टोकाला लावली आहे. तिच्यावर दोन उशा, उशांवर गुडघा. कपडे माझे खुर्चीवर.

१८ एप्रिल, शनिवार
दिवसभर बारीक पाऊस आणि वारा. छत्री उघडण्यात अर्थ नाही. बाहेर पडले नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिन्यात पु. कठड्याला धरून उतरतो, शेजारीण दिसली की कठडा सोडतो.

नागपूरहून वसंतभावजींचा फोन. घराच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात, झाडांना पाणी घालतात.
“वहिनी, मागच्या मॅचमध्ये किती टाकले आपल्या पुष्करनं?”
“चार पॉइंट.”
“चारच? बाप्पा! एवढी उंची असती तर मीही चार टाकले असते. नुसतं हात वर करून उभं राहायचं.”
“तेच करतो तो. हात वर करून उभा राहतो.”
“मग पगार कशाचा देतात?”
पु. आतून ओरडला, “काकाला सांग, ट्रायल्स ओपन आहेत!” भावजी खूप हसले. गुडघ्याचं सांगितलं नाही.

पगार कशाचा, हे मलाही पहिली दोन-तीन वर्षं कळलं नव्हतं. मी पॉइंटांचा रकाना बघायची. बास्केट करणं हे त्याचं कामच नव्हे. बास्केटखाली उभं राहायचं आणि समोरच्यांचं होऊ द्यायचं नाही. कुणी सुसाट आत घुसतो, पु.ला बघतो आणि चेंडू मागे देऊन टाकतो. त्याची नोंद कुठेच होत नाही. माझी सगळी नोकरी अशीच गेली. चूक छापून आली नाही म्हणून कधी कुणाचा फोन आला नाही.

२१ एप्रिल, मंगळवार
सरावाला गेले होते. रिकाम्या हॉलमध्ये बूट किंचाळतात नुसते. कालच्या इंजेक्शनमुळे पु. बरा पळत होता. उडी मात्र एकाच पायावर.

टॉमस भेटला, लिथुआनियाचा, त्यांचा गार्ड, पुढे चेंडू खेळवणारा. मला आईच म्हणतो. “आई, भूक लागली,” हे पूर्ण वाक्य येतं त्याला. मागून सगळं मैदान दिसतं ते सेंटरला, म्हणून पुढच्यांना ओरडून सांगणं, कॉल देणं, हेही त्याचंच काम. इंग्रजी समोरच्यांनाही कळतं. मग ह्या दोघांनी मराठी सुरू केली. ‘डावीकडे’, ‘मागे बघ’, ‘सोड’, ‘माझा’. आता सगळा संघ ऐकतो. दोन अमेरिकन मुलं ‘सोड’ ऐकून सोडतात!

टॉमसने बाजूला घेऊन विचारलं, गुडघा खरंच ठीक आहे ना?
म्हटलं, त्यालाच विचार.
“विचारलं. तो म्हणतो, आईला विचार.”

२३ एप्रिल, गुरुवार
क्लबच्या मीडियाचं काम क्रेग बघतो. उत्साही मुलगा, सगळ्यांना लेजंड म्हणतो. शनिवारच्या सामन्यासाठी पु.च्या नावाने दोन ओळी हव्यात, पाचच्या आत. गुडघा एकदम फाइन, असं काहीतरी.

पु. पलंगावर, बर्फ लावून. “तू लिही ना. तुझं तर तीस वर्षांचं काम आहे.”
“माझं काम असल्या ओळी कापायचं होतं.”
“मग कापून लिही.”
चारला बसले. ‘संघाबरोबर सराव करतो आहे. शनिवारी उपलब्ध आहे. अशा सामन्यात माझी गरज वाटते याचा आनंद आहे.’ तीन वाक्यं, तिन्ही खरी. गुडघा कुठेही नाही. पु.ने वाचलं. “सॉलिड आहेस.” साडेचारला पाठवलं.
कौतुक करून घ्यावंसं वाटलं नाही. खरं लिहूनही लपवता येतं, हे मला फारच सहज जमलं.

२४ एप्रिल, शुक्रवार
क्लबच्या पानावर आलं. पु.चा हसरा फोटो, माझी तीन वाक्यं आणि त्यांच्या आधी एक चौथं: ‘माझा गुडघा इतका छान कधीच नव्हता.’ अवतरणचिन्हांत. पु.च्या तोंडी.
बातमी हातावेगळी झाल्यावर कुणी तिच्यात काही घुसवलं की मी माणसाला उभं-आडवं सोलायची. आज फोन हातात घेतला, ठेवून दिला. काय सांगणार क्रेगला? हे खोटं आहे? मग खरं काय ते विचारेल.
पु. म्हणाला, “जाऊ दे ना आई. कोण वाचतं?”
वसंतभावजींनी वाचलं. अंगठा पाठवला, तीन वेळा.

२६ एप्रिल, रविवार
जिंकले काल. आधी तेवढं लिहून टाकते.

पहिला हाफ छान. समोरचे घुसायचे, पु.ला बघायचे, परत फिरायचे. हात सरळ वर, अंगाला अंग नाही. माझ्या मागची बाई नवऱ्याला म्हणाली, तो उंच मुलगा काहीच करत नाही. मी वळून बघितलं तिच्याकडे.

दुसऱ्या हाफमध्ये समोरच्यांना गुडघ्याचं कळलं. कसं ते माहीत नाही, पण खेळणाऱ्यांना कळतं. आता कुणी परत फिरत नव्हतं. थेट त्याच्या डाव्या बाजूने, एकामागून एक. पु. ओरडत होता, डावीकडे! डावीकडे! जिथे पाय पोचत नव्हता तिथे आवाज पाठवत होता. टॉमस धावून धावून लाल.
मग एकदा उडी मारून खाली आला आणि ओरडला, “आई गं!”
हजारभर माणसं असतील. सगळ्यांना तो कॉलच वाटला असणार. मी उभी राहिले. काय करणार होते उभी राहून, कोण जाणे. तो खेळतच राहिला. मी बसले.

शेवटी टॉमसने लांबून एक टाकला आणि हॉल उसळला. कोचने पु.ला मिठी मारली, त्याच्या छातीपर्यंतच पोचतो बिचारा. “पुढच्या वर्षी तू कुठेही जात नाहीस, बिग मॅन.” कानांनी ऐकलं मी. दोन आठवडे हेच ऐकायची वाट बघत होतो आणि पु.चा चेहरा असा झाला, जसं बाहेरून कुणी कडी घातली.

बाहेर टॉमसने विचारलं, तो नवा कॉल कुठला होता?
पु. म्हणाला, “तो कॉल नव्हता.”
टॉमसने पु.ची बॅग घेतली, तिसऱ्या मजल्यापर्यंत आणून दिली. जेवायला थांबला नाही.

२७ एप्रिल, सोमवार
सकाळी पुन्हा स्कॅन. सामन्यात फिओना बेंचवरच होती, तिला काही सांगावं लागलं नाही. उद्या दहाला फोन करेल. त्यानंतर ‘खेळू शकतो’ यावर ती सही करेल किंवा नाही करणार. कोचला ती काही सांगणार नाही, पण सही नाही म्हटल्यावर त्याला कळायचं ते कळेल.
क्रेगला उद्याच बारापर्यंत दोन ओळी हव्यात.

“दोन्ही लिहून ठेव,” पु. म्हणाला. “इलेक्शनच्या दिवशी लिहायचीस तशी.”
खरंच लिहायचो. हा जिंकला तर हे पान, तो जिंकला तर ते. निकाल आला की एक छापायला, एक टोपलीत. दोन्ही सारख्याच निर्विकारपणे.

पहिलं: उपांत्य सामना खेळणार, पुढच्या वर्षी इथेच. दुसरं: ऑपरेशन, मोसम संपला, सगळ्यांचे आभार. दुसरं लवकर लिहून झालं. पहिल्यात तीनदा अडले.

पु.ने दोन्ही वाचली. 
“दुसऱ्यात रिटायर होतोय असं नाही लिहिलंस?”
“तू म्हणाला नाहीस.”
“हं. नको लिहूस.” थोड्या वेळाने, “तुला काय वाटतं? खरं सांग.”
दोन आठवड्यांत पहिल्यांदा विचारलं. म्हटलं, छान गुडघ्याचं ते चौथं वाक्य माझं नाही, हे मला क्रेगला सांगायचं आहे.
छताकडे बघून म्हणाला, “सांगितलंस तर सगळंच सांगावं लागेल.”
“हो.”
“उद्याचा फोन तू घे.”
“नाही. गुडघा तुझा आहे.”
“मग स्पीकरवर ठेवू.”
“स्पीकरवर चालेल.”

उशा सारख्या केल्या. बॅग तशीच त्याच्या पायाखाली. दोन्ही कागद टेबलावर, वर मिठाची बरणी. फोन चार्जिंगला.