ह्यांचं बारीक सूत

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

जीभ हासडून टाकावी वाटतंय! हिंगोलीहून माझा भाऊ प्रज्ञेशदादा अन् वहिनी आले होते. ह्यांनी हौसेनं टकळीवरचं सूत दाखवलं — केसासारखं बारीक. अन् मी काय बोलले? "जन्म गेला टपाल वाटण्यात, आता बाईमाणसावानी सूत काढत बसून राहिले!" सगळे हसले. हेही हसले. टकळी बाजूला ठेवली. "चहा टाक," म्हणाले.

११ नोव्हेंबर

टकळीला हात न्हाई. कालही न्हाई, आजही न्हाई.

१४ नोव्हेंबर

आज विचारलंच, "काहून बसत न्हाई तुमी?"

"कंटाळा आला."

कंटाळा! रिटायर झाल्यापासून दोन वर्षं रोज सकाळी अंगणातल्या उन्हात बैठक. मांडीजवळ पितळी वाटी, वाटीत टकळीचं टोक टेकवलेलं. उजव्या हातानं गिरकी द्यायची, डाव्या चिमटीतला कापसाचा पेळू हळूहळू वर न्यायचा. कापूस तांड्यावरच्या फुलसिंगभाऊंच्या शेतातला, सरकी हातानं काढलेली. समोर मी क्रोशा घेऊन. बोलणं कमीच, पण ती आमची वेळ होती. आमच्या लेकीला, शीतलला, सातवा महिना लागलाय. बाळाच्या टोपड्याचं सूत बाबानं काढायचं, विणायचं मी, असं ठरलेलं. सूत अर्धंच झालंय.

मीच मोडलं सगळं.

१७ नोव्हेंबर

हे डोंगरकडा गावच्या बाजाराला गेले, तशी गुपचूप टकळी घेतली. अकरा वेळा तुटलं! निघालं ते जाड, गाठाळ — सुतळीच म्हणायची. हे एवढं बारीक कसं काढत असतील? दोन वर्षं समोर बसले, एकदा तरी "मलाही शिकवा" म्हणायचं होतं.

२० नोव्हेंबर

माफी मागितली. "चुकलं माझं. चार माणसांत तसं बोलायला नको होतं."

"सोड न आता."

"मग बसा न एकदा. माझ्यासाठी."

"न्हाई म्हणलं न!"

चौतीस वर्षांत असा आवाज चढवला नव्हता. बाहेर जाऊन उभे राहिले, कितीतरी वेळ. दोघंही जेवलो न्हाई.

२३ नोव्हेंबर

शीतलचा फोन. "आई, बाबाचं सूत कुठवर आलं?" खोटं बोलवेना. काय बोलले ते सांगून टाकलं. ती एवढंच बोलली — "आई, काहून गं?"



२६ नोव्हेंबर

सकाळी शर्टाचं एकच बटन किती वेळ लावून राहिले! जवळ गेले तर पाठ फिरवली. मी हात धरला. तेव्हा बोलले — "दिवाळीच्या आधीपासून बोटाला सूत कळंना झालंय. नुसतीच टकळी फिरवत बसत होतो. तू बोललीस ते बरं झालं, करुणा. सोडायला कारण भेटलं."

रोज त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसत होते मी. माझं सगळं लक्ष माझ्याच सुईवर.