पावतीवरचा पॅटर्न

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आजही पॅटर्न मागितला नाही. पाच गिऱ्हाइकं, पाच वेळा नाही. नंदूशेठ काउंटरच्या पलीकडून बघत होते. बघू देत.

दुकानाची पद्धत अशी – फोन दुरुस्तीला आला की पावती लिहायची. नाव, नंबर, घरच्या कुणाचा तरी दुसरा नंबर, बिघाड. खाली रबरी शिक्का मारलेला असतो – नऊ ठिपके, तीन ओळींत. गिऱ्हाईक फोन उघडायचा पॅटर्न बोट फिरवून दाखवतं, आपण पेनाने ठिपके जोडायचे. वरची पट्टी, दुकानाच्या पत्त्याची, गिऱ्हाइकाला फाडून द्यायची, बाकी पान बुकातच राहतं. म्हणजे कपाट आणि किल्ली दोन्ही दुकानात ठेवून घरी जायचं! घाटकोपरच्या या गल्लीत फोन दुरुस्तीची अकरा दुकानं आहेत. अकराही हेच करतात. आणि लोक देतात! ओटीपी कुणाला सांगू नका हे त्यांना पाठ आहे. पण समोरच्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिसला की सगळा फोन उघडून देतात.

मीही दोन वर्षं जोडले ठिपके. नीट, जोर देऊन, रेघ वाकडी होऊ न देता. दिवाळीच्या आधी बंद केले. शेजारच्या दुकानातला एक जण गिऱ्हाइकाच्या फोनमधले फोटो बघून हसत होता. त्या बाई समोरच भाजी घेत होत्या. त्यांना वाटलं, असंच हसतोय.

आता माझी रीत – गिऱ्हाइकाने स्टुलावर बसायचं, स्वतः फोन उघडायचा, मी त्यांच्यासमोर तपासणार. वीस मिनिटं जास्त लागतात.

शेठ म्हणाले, "नितेश, तू काय बँक उघडलीयस काय रे? टॉर्चचं ॲप पण लोकांचे कॉन्टॅक्ट मागतं. लोक बिनधास्त 'अलाउ' दाबतात. तुझ्या एका रेघेने काय वाट लागणारे?"

उत्तर बसमध्ये सुचलं – कंपन्या मोठ्या चोर आहेत, म्हणून मी लहान व्हायचं काय?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी एका आजोबांच्या फोनची स्क्रीन बदलली. चालू केला तर मेसेज – हा भाग अस्सल नाही! आजोबा घाबरले, मला म्हणाले, फसवलंस. अरे, काच ती काच! कंपनीची घ्यायची तर अर्ध्या फोनाची किंमत. आणि ही कंपनी आजोबांच्या फोनमध्ये बसून त्यांना माझ्याविरुद्ध भडकवते. फोन कुणाचा? पैसे दिले त्याचा, की बनवला त्याचा? बारावी अर्धी सोडली मी, पण एवढं कळतं. वर त्यांच्याच जाहिरातीत लिहिलेलं असतं, तुमची गुप्तता आम्हाला प्राणाहून प्रिय. मग जन्मतारीख कशाला हवी? वाढदिवसाला केक पाठवणार आहात?

हे सगळं लिहायचं नव्हतं. दुसरंच लिहायचंय. ते टाळत होतो म्हणून आधी हे लिहिलं.

दुपारी किरणभाऊ आले. मागच्या रस्त्यावरच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पांढरा शर्ट, हसरा चेहरा, सगळ्यांना नावाने हाक. त्यांच्या सोसायटीचे सोळा कॅमेरे बसवायचं काम शेठना हवंय. एक फोन काउंटरवर ठेवला. निळं कव्हर.

"मिसेसचा आहे. पॅटर्न विसरली. उघडून द्या, पण आतलं काही जाता कामा नये."

मी म्हटलं, "त्यांनाच घेऊन या ना. बोटाला आठवतो पॅटर्न."

"ती बहिणीकडे गेलीय, दिंडोशीला." मग शेठकडे वळून – "मागे जुलैमध्ये चार्जिंगसाठी तुमच्याकडेच दिलेला. पावतीवर पॅटर्न काढता ना तुम्ही? माझ्या फोनाच्या वेळी काढला होता. जुनं बुक बघा की."

हा माणूस फोन उघडून घ्यायला आला नव्हता. आमचं बुक उघडून घ्यायला आला होता.

शेठ म्हणाले, "बघतो, बघतो. शनिवारी संध्याकाळी पाचला या."

फोन शेठनी आपल्या खणात टाकला. कुलूप लावलं. ते निळं कव्हर मला आठवतं, आणि नावही – दीप्ती. जुलैत स्वतः आल्या होत्या. पावती मीच लिहिली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

शेठ जेवायला गेल्यावर बुकातलं ते जुलैचं पान कापलं. पट्टी धरून, ब्लेडने. आधी दुसरा नंबर वहीत उतरवून घेतला, कशाला ते माहीत नाही – नीला, बहीण. पानाचे बारीक तुकडे करून चहाच्या ग्लासात भिजवले आणि गटारात ओतले. भीती वाटली. बरंही वाटलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

शेठनी आज बुक काढलं. पावत्यांचे नंबर चाळले. एक कमी. माझ्याकडे बघितलं. खालचं पान काढलं. बटणांच्या फोनची पावती होती ती, तिच्यावर ठिपके कोरेच. शेठनी कानावरची पेन्सिल घेतली आणि आडवी धरून त्या ठिपक्यांवर हलकेच घासायला लागले. काळ्यात पांढरी रेघ उमटली. वरच्या कोपऱ्यातून खाली, मग आडवी, मग मधोमध. दीप्तीताईंचा पॅटर्न.

मी लिहिताना जोर देतो. शाळेत बाई म्हणायच्या, नितेशचं अक्षर मागच्या पानावरूनही वाचता येतं. कौतुक होतं ते!

"पट्टी लावून कापलंस," शेठ म्हणाले. "फाडलं असतंस तर मला वाटलं असतं उंदराने खाल्लं. इतकं सरळ तुझ्याशिवाय कोण कापतं?"

"शेठ, फोन त्यांचा आहे. त्यांनी विचारलेलं नाही."

"नवराबायकोच्या मध्ये तू कोण रे? पोलीस?"

"मी कोणीच नाही. म्हणून तर उघडायचा नाही."

"हे बघ. सोळा कॅमेऱ्यांचं काम आहे. दुकान मी चालवतो, तू नाही. शनिवारपर्यंत ये. सोमवारपासून येऊ नकोस."

मी म्हटलं, "बरं." मग विचारलं, आत्ताच उघडून बघणार काय? शेठ हसले. "आत्ता कशाला? त्याच्यासमोर उघडायचा. चार दिवस डोकं फोडलं असं वाटलं पाहिजे. नाहीतर धंद्याला किंमत राहत नाही." कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली.

घरी आईला सांगितलं. ती कांजूरच्या एका कारखान्यात पाकिटं भरते, उभी राहून राहून पाय सुजतात. शेकत बसली होती.

"लोकांच्या फोनाचा तुका काय पडलाहा? नोकरी गेली तर काय खातलंस? पासवर्ड?"

मला हसू आलं. तिलाही आलं. मग आपणहून म्हणाली, "त्या बाईक म्हायती आसा काय, फोन खंय आसा तो?"

फोन कुठे आहे हे दीप्तीताईंना माहीत तरी आहे का, हे मला सुचलंच नव्हतं. मी कागदाच्या मागे लागलो. माणसाला विचारलंच नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

नियम मोडला. माझाच. गिऱ्हाइकाचा नंबर दुकानाच्या कामाशिवाय वापरायचा नाही, हे मीच भिंतीवर लिहून लावलंय. शुद्ध अक्षरात. आणि आज मीच नीलाताईंना फोन लावला. दुकानातून नाही, बसस्टॉपवरून.

"नमस्कार, मी घाटकोपरच्या मोबाइल दुकानातून बोलतोय. तुमच्या बहिणीच्या फोनबद्दल—"

"हो का? आणि आता ओटीपी सांगू काय तुला? लाज नाही वाटत? घरी आई-बहीण आहे का?"

कट.

बरोबर केलं! मी असतो तर हेच केलं असतं. अनोळखी नंबर, घाई, घरच्या माणसाचं नाव – फसवणुकीची सगळी लक्षणं माझ्या एका वाक्यात होती. पुन्हा लावला. ब्लॉक.

मग विचार केला – खोटा माणूस काय करतो? लिंक पाठवतो, काहीतरी मागतो, लगेच करा म्हणतो. मी यातलं काहीच करायचं नाही. आमच्या दुकानासमोरच्या दुकानदाराच्या फोनवरून मेसेज पाठवला. तीनदा वाचला, मग पाठवला –

"ताई, माझ्यावर विश्वास ठेवू नका. मला काही सांगू नका, काही पाठवू नका. निळ्या कव्हरचा फोन आमच्या दुकानात आहे. किरणभाऊ शनिवारी पाचला उघडून घ्यायला येणार आहेत. ज्यांचा फोन आहे त्यांनी त्याआधी स्वतः यावं. फोनचं बिल आणावं. दुकानाचा पत्ता जुन्या पावतीवर आहे, तो तिथेच बघा, मी देत नाही."

तासाभराने त्याच नंबरवर उत्तर आलं. दुकानदाराने मला ओरडून बोलावलं, "ए नितेश, तुझी कोण ताई आहे बघ!"

एकच ओळ. "तिला वाटलं होतं फोन फोडून टाकला त्यांनी."

शनिवार, ८ नोव्हेंबर, दुपारी

त्या आल्या. पावणेचार वाजता. दीप्तीताई आणि नीलाताई. नीलाताईंनी आधी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तूच काय तो, विश्वास ठेवू नका म्हणणारा?" मी मान हलवली. "सॉरी हं. आई-बहीण काढली तुझी." मी म्हटलं, तुम्ही बरोबर केलंत.

दीप्तीताई बारीक झाल्यात. जुलैत अशा नव्हत्या. सरळ शेठसमोर उभ्या राहिल्या. "माझा फोन द्या."

शेठ गडबडले. "वहिनी, तो भाऊंनी दिलाय... भाऊ आले की..."

मी मध्ये पडलो. "शेठ, नियमाने करू. बिल आहे. प्रत्येक फोनाला पंधरा आकड्यांचा नंबर असतो. बिलावरचा आणि फोनवरचा जुळला, तर फोन त्यांचा."

"तुला मी काढलाय ना रे?"

"सोमवारपासून. आज शनिवार आहे."

नीलाताई फस्सकन हसल्या. शेठनी खण उघडला. मी सिमचा ट्रे बाहेर ओढला, कडेवरचे बारीक आकडे भिंगातून मोठ्याने वाचले. दीप्तीताई बिलावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवत होत्या. पंधराच्या पंधरा. बिलावर नाव त्यांचं.

स्टुलावर बसून त्यांनी फोन उघडला. मी पाठ फिरवली. मग त्यांनीच विचारलं, "यातलं काही नीलाच्या फोनमध्ये घ्यायचंय. ऑनलाइन ठेवू का?"

"या फोनचं ईमेल खातं कुणी उघडलं?"

"त्यांनीच. फोन घेतला तेव्हा."

"मग ऑनलाइन नको! तुम्ही ठेवाल आणि ते घरी बसून काढतील. खातं त्यांच्या हातात आहे." हेच तर! कंपनी म्हणते, सुरक्षित आहे, सुरक्षित आहे. कुणापासून? चोरापासून असेल. घरात राहणाऱ्यापासून नाही. पासवर्ड माहीत असलेला माणूस म्हणजे मालक, एवढंच त्यांना कळतं.

वायरने घेतलं, या फोनमधून त्या फोनमध्ये. फाइली खूप. जाताना पडद्यावर नावं सरकत होती. नावं कसली, नुसत्या तारखा. मी नजर भिंतीवर ठेवली. आत काय आहे ते मला नको. चाळीस मिनिटं लागली. नीलाताई आपला फोन घेऊन लगेच निघाल्या, दिंडोशी कोर्टाजवळच्या वकीलबाईंकडे. शेठ तोपर्यंत टीव्हीवरची मॅच बघत होते, मोठ्या आवाजात, आमच्याकडे न बघता.

मी दीप्तीताईंना म्हटलं, तुम्हीही निघा. पाच वाजत आलेत.

"नाही. मी थांबते."

त्या स्टुलावरून उठल्या नाहीत.

शनिवार, संध्याकाळी

किरणभाऊ पाचला दहा कमी असताना आले. हसत. स्टूल कपाटाच्या आडोशाला, त्यांना आधी दिसलंच नाही. "उघडला का, शेठ?"

शेठ काही बोलायच्या आत आतून उत्तर आलं. "उघडला." आणि दीप्तीताईंनी एक रेकॉर्डिंग लावलं.

आवाज किरणभाऊंचाच होता. काय बोलत होते ते इथे लिहिणार नाही. मधूनमधून मार खाणारीचा आवाज येत होता, तेवढंच लिहितो. मॅचच्या गोंगाटात अर्धं ऐकू येत नव्हतं. किरणभाऊ म्हणाले, "शेठ, हे बंद करा. लोक ऐकतील." शेठचा हात पुढे गेला. मला वाटलं, फोन हिसकावणार.

त्यांनी टीव्ही बंद केला.