बाबांना सांगून टाकलं

डिलाईल रोड, गुरुवार, एप्रिल १९६०

आज एकदाचं बाबांना सांगून टाकलं. पंधरा दिवस मी परदेशातल्या प्रयोगशाळेचं बोलावण्याचं पत्र लपवून हिंडत होते. तिथे अणूचे कण पळवणाऱ्या यंत्रासाठी तारा बनवायच्या. भयंकर थंडीत त्यांतून वीज बिनअडथळा धावते. पण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लाठी बसल्यापासून बाबांचा उजवा हात धड उठत नाही, गिरणीत कापड विणायचा साचा कसाबसा चालवतात. त्यांना सोडून जायचं? स्वार्थीच की मी.

बाबा म्हणाले, "मुंबई मिळाली. ती आता कुठे जात नाही. तू जाऊन ये."

मग डाव्या हाताने पत्र उलटंपालटं करत विचारलं, "तार तुटली तर सांधता येते?"

"तेच शिकायचंय, बाबा."

"मग लवकर कळव त्यांना."

किती उगाच घाबरले होते मी! आज पोटभर जेवले.