तीन नंबरची बशी

३ मार्च, ताइनान

तीन नंबरचं पाणी पुन्हा पिवळं. कालच बदललं होतं.

पेशींनी साखर खाल्ली की बशीतलं गुलाबी पाणी पिवळं पडतं. एक आणि दोन नंबरमध्ये आमचे रुग्ण त्वानकाका यांच्या यकृतातल्या कॅन्सरच्या गाठीच्या पेशी — त्या अधाशासारख्या खातात. तीन नंबर तुलनेसाठी, निरोगी. माझ्याच. गेल्या वर्षी पित्ताशय काढलं तेव्हा सर्जनने यकृताचा नखाएवढा तुकडा प्रयोगशाळेला दिला, माझ्या सहीने. आठवडाभर गप्प पडून असायच्या त्या पेशी.

शेजारच्या टेबलावरची पेई-लिन हसली. "ताई, तुमच्या पेशींना गोडाची हाव सुटली वाटतं."

५ मार्च

पेशींची साखर बंद करणारं औषध तिन्ही बश्यांत घातलं. गाठीच्या पेशी मेल्या नाहीत, ग्लुटामिन या दुसऱ्या खाद्यावर भागवू लागल्या. जुनी खोड — पुढचं दार लावलं की मागच्या दाराने जेवायला जातात. म्हणून तर आमच्या प्रमुख को बाई दोन्ही दारं एकदम लावणारी औषधांची जोडी करताहेत.

तीन नंबरनेही मागचं दार शोधलं. निरोगी पेशी असं करत नाहीत. यंत्र दोनदा तपासलं. तेच आकडे.

६ मार्च

बश्यांची अदलाबदल झाली का पाहिलं. लेबलं माझ्याच अक्षरात आहेत.

९ मार्च

त्वानकाका तपासणीला आले होते. आयुष्यभर कालवं पिकवली, आता पाय सुजून चपलेत मावत नाहीत. एप्रिलमध्ये ही जोडी पहिल्यांदा त्यांना द्यायची आहे.

"काय गं, बशीतलं माझं भूत जेवलं का आज?"

"आज त्याला उपाशी ठेवणार आहे, काका."

"ठेव. मला मात्र हल्ली जेवणच जात नाही. सगळं तेच खातंय बहुतेक."

दुपारी तिन्ही बश्यांत दोन्ही औषधं घातली.

११ मार्च

एक, दोन — सगळ्या मेल्या. तीन — सगळ्या मेल्या.

को बाई बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून उठल्या नाहीत. "निरोगी पेशीही मारतंय. हे औषध नव्हे, विष आहे. एप्रिलमध्ये मी हे कुणालाही देणार नाही."

"बश्या बदलल्या असतील, बाई."

"मग सिद्ध कर."

माझी लाळ आणि तीन नंबरच्या गोठवून ठेवलेल्या पेशी पाठवल्या — डीएनए जुळतो का, कॅन्सर आहे का, दोन्ही तपासायला.

१३ मार्च

चूक माझीच निघू दे, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय.

आई यकृताच्या कॅन्सरनेच गेली. तिच्याकडून मला हिपॅटायटिस बी आला, जन्मतःच. त्यातून कॅन्सर होऊ शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते. कामाच्या नादात दोनदा चुकवली. त्या तुकड्याचा अर्धा भाग तेव्हा तपासला होता, स्वच्छ होता. आमच्याकडे आला तो दुसरा अर्धा.

माशाची पेज अर्धीच खाल्ली. हात सारखा उजव्या बरगडीखाली जातो. तिथे काही दुखत नाही. काहीच नाही.

१७ मार्च

अहवाल आला. बशी बदललेली नव्हती. पेशी माझ्याच आहेत. निरोगी नाहीत, कॅन्सरच्या आहेत.

बाईंना फोन केला. म्हटलं, "ते विष नाही, बाई. एप्रिलचं थांबवू नका."