भाषा एकच, ऐकणारा वेगळा

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलंय. आमचे देशमुख साहेब आज मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याला माझ्यादेखत सांगून मोकळे झाले, "तुमचा गोदामाचा प्रोग्राम युनिक्सवरून विंडोजवर आणायला आठ दिवस पुरेत." आणणार कोण? मी.

युनिक्सवर फोर्क ही आज्ञा दिली की झालं. पुढच्या कंसात काही भरायचं नाही, आणि चालू प्रोग्रामची दुसरी प्रत हजर. विंडोजला सांगायचं तर दहा गोष्टी भरून द्या. दहा. एवढं करूनही प्रत मिळत नाहीच, नवा प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो. गोदामाच्या प्रोग्रामचं निम्मं काम त्या प्रतीच्या भरवशावर चालतं. हे साहेबांना किती वेळा सांगायचं?

"अहो मेश्राम, दोन्हीकडे सी भाषाच ना?" साहेब व्यापाऱ्याकडे बघून हसले.

"भाषा एकच आहे सर. ऐकणारा वेगळा आहे."

व्यापारी माझ्याकडे वळले. "मॅडम, नक्की किती दिवस?"

"दोन महिने."

व्यापारी म्हणाले, "चालेल. पण मग मुदत वाढवून मागायची नाही."

जिन्यात साहेबांनी गाठलंच. "तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"त्यांनी विचारलं ना, सर."

तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग स्वारगेटच्या बसमध्ये उभ्या उभ्या प्रोग्रामचा एकेक भाग मनात मांडून पाहिला. तीन महिने लागतील. तिथे बसलेली असताना मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. पण साहेबांच्या आठ दिवसांपुढे तीन महिने म्हणायला जीभ रेटेना.